पाच रुपये कुणी दिले?

दूरदर्शनच्या इतिहासावर आपल्याकडे जे लिहिलं गेलं त्यात निर्माते आहेत, लेखक आहेत, नटनट्या आहेत, मंत्रीही आहेत. पडद्यासमोर मांडी घालून बसलेला माणूस त्यात फारसा नाही. असलाच तर आकड्याच्या रूपात. अमुक कोटी लोकांनी मालिका पाहिली, संपलं. त्या कोटींपैकी एखाद्यानं भाग संपल्यावर काय म्हटलं, हे कुणी टिपून ठेवत नाही. मी तसा एक पाहणारा आहे. चाळीस वर्षांहून जास्त काळ पाहतो आहे आणि पिरंगुटात बसून पाहतो आहे. म्हणून आजचा इतिहास या बाजूचा.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढच्याच वर्षी सिंहगडावर मनोरा उभा राहिला आणि मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. आमच्या मुळशी तालुक्याचं मुंबईशी नातं त्याआधीचं. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तरी टाटांचं धरण झालंच. गावं पाण्याखाली गेली, ते पाणी खाली कोकणात भिऱ्याला उतरलं आणि त्याची वीज मुंबईला गेली. वरळीच्या स्टुडिओत जे दिवे लागतात त्यात आपलंही वाटीभर पाणी आहे, असं आमचे एक गुरुजी सांगत. वीज इकडून सरळ गेली, चित्र मात्र आमच्याकडे अडखळत आलं. सिंहगड फार लांब नाही, पण मध्ये डोंगर. एकानं कौलांवर चढून अँटेना फिरवायचा, दुसऱ्यानं अंगणातून ओरडायचं, तिसऱ्यानं आतून सांगायचं, आलं, आलं, गेलं. मग नुसत्या मुंग्या.

१९७५-७६ मध्ये उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांना दूरदर्शन दाखवण्याचा मोठा प्रयोग झाला. त्या खेड्यांतल्या लोकांना काय वाटलं, काय समजलं, हे विचारायला अभ्यासक गेले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता, त्यामुळे आम्हाला विचारायला कुणी आलं नाही. आम्ही आपापसातच बोलत राहिलो.

आमच्या आळीत पहिला संच तात्यांकडे आला. माझे अब्बा शिवणकाम करायचे, तात्या त्यांना मास्तर म्हणत. तात्यांच्या पडवीत संध्याकाळी पंचवीस-तीस माणसं बसत, आणि प्रत्येकाला मत असे. १९८४ मध्ये 'हम लोग' सुरू झाली तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. मनोहर श्याम जोशींचं लेखन, १५६ भाग, आणि शेवटी अशोककुमार येऊन चार गोष्टी सांगणार. मालिकेतून समाजाला शिकवायचं हे तंत्र मेक्सिकोतून घेतलेलं. सुरुवातीला कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका झाला की लोक कंटाळले. मग तो कमी केला आणि गोष्ट वाढवली, तेव्हा देश तिच्या मागे लागला. अशोककुमारांच्या नावानं लाखो पत्रं गेली. पुढे अभ्यासकांना एक गंमत आढळली. भागवंती हे निमूट सोसणारं पात्र 'बायकांनी असं वागू नये' हे दाखवायला ठेवलं होतं. पुष्कळ प्रेक्षकांना तीच आदर्श वाटली. शिकवणाऱ्यांना याचं नवल वाटलं असेल, मला वाटलं नाही. आमच्या पडवीत भागवंतीवर दोन तट होते. भांडी घासून उशिरा येणाऱ्या बाया तिच्या बाजूच्या, तिच्याविरुद्ध बोलणारी एकटी तात्यांची म्हातारी आई. "एवढं सोसून मिळालं काय तिला?" असं ती दर भागाला विचारायची.

जानेवारी १९८८ हा महिना मला या सगळ्या इतिहासातला सर्वात महत्त्वाचा वाटतो. रविवारी सकाळी 'रामायण' चालू होतं. त्याच महिन्यात रात्री 'तमस' सुरू झाली. एकच संच, एकच पडवी. भीष्म साहनींची कादंबरी १९७४ ची, फाळणीच्या आधीच्या पंजाबातली, आणि मालिका गोविंद निहलानींची. पहिल्याच भागात ओम पुरींचा नथू डुक्कर मारतो. मुरादअली नावाच्या माणसानं त्याला त्यासाठी पाच रुपये दिलेले असतात. डॉक्टरला हवंय, एवढंच सांगितलेलं. पुढे मेलेलं डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडतं आणि गाव पेटतं.

देशभर गदारोळ झाला. एका मुसलमान नागरिकानं मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला की यातून दंगे होतील, मालिका थांबवा. दुसऱ्या बाजूनं हिंदुत्ववादी संघटनांनी निदर्शनं केली. काही दिवस मालिकेला स्थगितीही मिळाली. मग न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी एक साधी, पण आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट केली. ते स्वतः बसले आणि त्यांनी मालिका पाहिली. पाहून झाल्यावर परवानगी दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेलं आणि १६ फेब्रुवारी १९८८ ला तिथंही मालिकेच्या बाजूनं निकाल लागला.

त्या निकालात आधार घेतला गेला तो नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी १९४० च्या दशकात घालून दिलेल्या मापाचा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : शब्दांचा परिणाम मोजायचा तर समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या मनानं मोजावा. ज्याला प्रत्येक विरोधी मतात संकट दिसतं अशा डळमळीत माणसाच्या मनानं मोजू नये. हे मी पुढे बी.ए. करताना वाचलं. वाचलं तेव्हा डोळ्यांसमोर कुणी न्यायाधीश आला नाही, तात्यांची पडवी आली.

त्या रात्री मशिदीच्या पायरीचं दृश्य आलं तेव्हा पडवीत कुणी बोलेना. मुसलमान म्हणून आम्ही दोघेच, अब्बा आणि मी. तात्या उठले, संचाच्या बटणाकडे हात नेला आणि अब्बांकडे पाहून म्हणाले, "मास्तर, बंद करू का?" अब्बा म्हणाले, "राहू द्या तात्या. पाच रुपये कुणी दिले ते बघायचंय."

तात्या पुन्हा बसले. एवढंच झालं. त्यानंतरच्या भागांत पडवीत तोच खेळ चालू झाला. जे पात्र येईल त्याच्याबद्दल कुणीतरी विचारायचं, याला कुणी दिले? कथेच्या शेवटी शांतता समितीची बस निघते आणि तीत बसून सलोख्याच्या घोषणा देत असतो तो मुरादअलीच. त्या वेळी आमच्या पडवीत हसू फुटलं. 'तमस' पाहून लोक हसले असं सांगितलं तर अभ्यासकांना पटणार नाही, पण हसले. ते हसणं गमतीचं नव्हतं. ओळख पटल्याचं होतं. गावातल्या माणसाला मुरादअली ओळखायला वेळ लागत नाही. त्याचा धर्म कुठलाही असो.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' सुरू झालं. संवाद डॉ. राही मासूम रझा यांचे. महाभारत मुसलमानानं लिहायचं म्हणून चोप्रांकडे निषेधाची पत्रं आली होती, ती हकीकत आता सर्वांना माहीत आहे. गाझीपूरच्या या माणसानं 'समय'ला निवेदक केलं आणि काळाच्या तोंडून कथा सांगितली. रविवारी आमचं दुकान कार्यक्रम संपल्यावरच उघडे. एकदा श्रेयनामावलीत नाव वाचून दाखवल्यावर तात्यांची आई म्हणाली, "हे कोण? मग व्यास कुठं गेले?" तात्या म्हणाले, "सांगितलं व्यासांनीच. यांनी लिहून घेतलं." म्हातारी म्हणाली, "मग गणपतीचं काम केलं की." राहीसाहेबांवर पुष्कळ लेख वाचले. इतकी अचूक दाद मला त्यांत सापडली नाही. १९९२ मध्ये ते गेले.

आता विनोदाकडे येतो, कारण मला स्वतःला तोच जास्त जवळचा. सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ आले. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे. ते मी पुण्यात आत्याच्या घरी पाहिले. आमच्यात तिला फुफी म्हणतात. चिमणरावाचं जग सदाशिव-नारायण पेठेतलं, आमचं पूर्वेच्या पेठांतलं, पण फुफी इतकी हसायची की पदर तोंडात धरायची. तिच्या मते चिमणराव हुबेहूब आमच्या फुफाजींसारखा होता. मग १९८४ मध्ये 'ये जो है जिंदगी' आली. त्यातले शफी इनामदार दापोलीकडचे, आपल्या कोकणातले. हिंदी मालिकेतला नवरा त्यांनी असा केला की कुणाला शंका येऊ नये. १३ मार्च १९९६ ला ते गेले. वय पन्नास.

पुढचा काळ मी भराभर ओलांडतो. १९९९ मध्ये 'अल्फा मराठी' आली, 'आभाळमाया' आली, मग रोजच्या मालिका आल्या आणि एका थपडेचा आवाज तीन कोनांतून ऐकू येऊ लागला. अपवाद होते. 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधले आबा मला अजून भेटायला आवडतील. घरोघरी संच आले, पडवी रिकामी झाली. लोकांना काय आवडतं हे यंत्रं सांगू लागली, पण ती यंत्रं बरीच वर्षं शहरांतच बसवली जात. ग्रामीण प्रेक्षक मोजणीत धरला गेला तो 'बार्क' आल्यावर, २०१५ मध्ये. तोवर पिरंगुटात कारखाने आले होते, इमारती उठल्या होत्या आणि आम्ही ग्रामीण आहोत की नाही हेच सांगणं कठीण झालं होतं.

हल्ली रात्री जेवणानंतर मी आणि माझी बायको 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' बघतो. २०१८ पासून चालू आहे. समीर चौघुले नुसते उभे राहिले तरी तिला हसू येतं. मला त्यातली बोली आवडते. कोकणातला म्हातारा तिथं कोकणासारखा बोलतो, गौरव मोरे होते तेव्हा त्यांनी फिल्टरपाडा मंचावर आणला. महाराष्ट्राच्या इतक्या जिभा एका व्यासपीठावर येतात हे फार मोठं काम आहे, आणि ते विनोदानं केलं, गंभीर मालिकांनी नाही.

म्हणूनच एक गोष्ट खटकते. आमची जीभ अजून आलेली नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. बार्शीच्या अमर शेखांचा आवाज संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात घराघरांत गेला. १९९० मध्ये सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. आमच्या घरात दखनी बोलतात आणि उंबऱ्याबाहेर मुळशीची मराठी, मावळी हेल काढून. पण मराठी मालिकेत मुसलमान आला की तो बहुधा चाचा असतो, आणि चाचा बोलतो ते हिंदी सिनेमातल्या चाचासारखं. 'अरे बेटा, हम तुमको बोलता है' छापाचं. ते ना उर्दू, ना दखनी, ना मराठी. लेखक वाईट मनानं लिहीत नाहीत, हे मला कळतं. बहुतेक वेळा हा चाचा फार सज्जन असतो, तिसऱ्या-चौथ्या प्रसंगात नायकाचा जीवही वाचवतो.

परवाच अशी एक मालिका चालू होती. चाचा आले, त्यांनी नायिकेच्या डोक्यावर हात ठेवला, तसल्याच भाषेत दुवा दिली. बायको भाजी निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "हे कुठल्या गावचे?"

मी श्रेयनामावली संपेपर्यंत पाहिलं. त्यांना गाव दिलेलं नव्हतं.