सकाळी एक भाषा, दुपारी दुसरी : मायामीच्या कोरल वे शाळेची गोष्ट

शाळाप्रवेशाचे दिवस आले की आपल्या तालुक्यात एकच चर्चा. पोराला मराठीत घालायचं, इंग्रजीत घालायचं की सेमीला? चहाच्या टपरीवर, एसटीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. आज मी त्या भांडणात थेट पडत नाही. पण दोन भाषांत शिकवणाऱ्या शाळेचा एक प्रयोग साठ वर्षांपूर्वी अमेरिकेत झाला होता, त्याची गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

सुरुवात होते क्युबापासून. १ जानेवारी १९५९ ला बातिस्ता देश सोडून पळाला आणि फिडेल कास्ट्रोची सत्ता आली. त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत दोन लाखांहून जास्त क्युबन माणसं अमेरिकेत आली आणि त्यातली बरीचशी मायामीतच थांबली. पहिल्या लाटेत आलेले लोक डॉक्टर, वकील, व्यापारी, मास्तर असे होते. शिवाय १९६० ते ६२ या काळात चौदा हजारांवर मुलं आईबापांशिवाय, एकटी विमानात बसवून पाठवली गेली. 'ऑपरेशन पेद्रो पान' म्हणतात त्याला.

एक गोष्ट इथे लक्षात घ्या. या लोकांना वाटत होतं की कास्ट्रो फार काळ टिकणार नाही, वर्षा-दोन वर्षांत आपण परत जाणार. म्हणजे पोरांना इंग्रजी तर यायलाच हवं, पण स्पॅनिश लिहिता-वाचताही यायला हवं, नाहीतर परत गेल्यावर काय करणार? ही गरज डेड काउंटीच्या शाळाखात्यापुढे उभी राहिली. फोर्ड फाउंडेशनने पैसे दिले. प्वेर्तो रिकोमध्ये काम केलेल्या पॉलिन रोहास या बाईंकडे सूत्रं आली. आणि सप्टेंबर १९६३ मध्ये कोरल वे या सरकारी प्राथमिक शाळेत पहिली ते तिसरीचे वर्ग दोन भाषांत सुरू झाले. पुढे दरवर्षी एकेक इयत्ता वाढवत नेली.

आता खरी मेख त्या शाळेच्या वेळापत्रकात आहे. वर्गात साधारण निम्मी मुलं घरी स्पॅनिश बोलणारी, निम्मी इंग्रजी बोलणारी. सकाळी प्रत्येकाने आपापल्या भाषेत शिकायचं. वाचन, गणित, विज्ञान, सगळं. दुपारी दुसऱ्या भाषेत, आणि तेही नवीन काही नाही; सकाळी जे कळलं तेच पुन्हा दुसऱ्या भाषेतून पक्कं करायचं. पहिलीत दुसऱ्या भाषेचा वेळ थोडा, मग वाढत जाणारा. जेवण, चित्रकला, गाणी, खेळ यांना दोन्हीकडची पोरं एकत्र. म्हणजे बेरीज-वजाबाकी इंग्रजीची आणि गोष्टी-गाणी स्पॅनिशची, अशी वाटणी कुठेच नव्हती. झाडाला अन्न कसं मिळतं हे स्पॅनिशमध्येही सांगायचं आणि इंग्रजीतही.

यासाठी शिक्षकांची जोडी लागत होती. एक इंग्रजी मातृभाषेचा, एक स्पॅनिशचा. दोघांनी बसून दुसऱ्या दिवसाचं ठरवायचं, आणि त्यासाठी त्यांना कामाच्या वेळातच सवड दिलेली होती. मग तेवढा वेळ मुलांना सांभाळणार कोण? त्यासाठी क्युबन मदतनीस बायका होत्या. त्यातल्या कित्येक तिकडे स्वतः शिक्षिका होत्या, इथे पदवी चालत नव्हती म्हणून मदतनीस. मायामी विद्यापीठात प्रशिक्षण घेऊन अशा अनेक क्युबन शिक्षकांनी पुढे इथलं प्रमाणपत्र मिळवलं. (आपल्याकडे शिक्षकाला जनगणना, निवडणूक, पोषण आहाराचा हिशोब यातून दोन मास्तरांनी एकत्र बसून पाठ ठरवायला वेळ कधी मिळतो, हे कुठल्याही झेडपीच्या गुरुजींना विचारा.)

पालकांना सुरुवातीला फक्त इंग्रजीचा पर्याय ठेवलेला होता. तो दुसऱ्या वर्षापर्यंत बंद करावा लागला, कारण तो कुणाला नकोच होता.

हे धाडस केवढं होतं ते कळायला थोडं मागे जावं लागतं. अमेरिकेत दोन भाषांच्या शाळा त्याआधीही होत्या. सिनसिनाटी शहरात १८४० पासून जर्मन-इंग्रजी सरकारी शाळा चालल्या. पण पहिल्या महायुद्धात जर्मनी शत्रू झाला आणि भाषाही शत्रू झाली. नेब्रास्कात एका शिक्षकाला दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवलं म्हणून दंड झाला. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९२३ मध्ये शिक्षकाच्या बाजूने निकाल लागला. तरी वातावरण बदललं नाही. टेक्सासात १९१८ च्या कायद्याने शाळेत इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेत शिकवणं हा गुन्हाच होता, आणि मैदानावर स्पॅनिश बोलल्याबद्दल पोरांना छड्या बसत. तो कायदा रद्द व्हायला १९६९ साल उजाडलं. अशा देशात सरकारी शाळेने गोऱ्या मुलांना निम्मा दिवस स्पॅनिशमधून गणित शिकवायचं!

निकाल काय आला? १९६८ मध्ये मेबल रिचर्डसन यांनी मायामी विद्यापीठात यावर प्रबंध लिहिला. कोरल वेची मुलं इंग्रजीत आणि गणितात नेहमीच्या शाळेतल्या मुलांच्या बरोबरीने होती. म्हणजे निम्मा वेळ दुसऱ्या भाषेला देऊनही काही बुडालं नाही. दुसरी भाषा मात्र पहिलीइतकी पक्की झाली नव्हती. मला हा निष्कर्ष प्रामाणिक वाटतो. आपल्याकडच्या शाळांच्या फ्लेक्सवर पोरं सहा महिन्यांत फाडफाड बोलतात, तसलं काही तिथे कुणी छापलं नाही.

त्याच वर्षी गाडीचा सांधा बदलला. जानेवारी १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी द्विभाषिक शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. हे जॉन्सन तरुणपणी टेक्सासातल्या कोटुला गावात मेक्सिकन मुलांच्या शाळेत मास्तर होते, गरिबी डोळ्यांनी पाहिलेला माणूस. हेतू चांगलाच. पण कायदा झाला तो इंग्रजी न येणाऱ्या गरीब मुलांसाठी, आणि बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ असा लावला गेला की स्पॅनिश तात्पुरती वापरा आणि इंग्रजी जमली की सोडा. इंग्रजी बोलणारी मुलं त्या वर्गात नसतच. वर्ग वेगळे झाले आणि 'तो द्विभाषिक वर्ग म्हणजे कच्च्या पोरांचा' असा शिक्का बसला. कोरल वेत दोन्ही घरची मुलं एका बाकावर होती, ती गोष्टच निघून गेली.

मग विरोध होणारच. १९८० मध्ये मारिएल बंदरातून सव्वा लाख क्युबन आले आणि त्याच नोव्हेंबरात खुद्द डेड काउंटीच्या मतदारांनी काउंटीचा पैसा इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेवर खर्च करू नये असा ठराव मंजूर केला. तो १९९३ पर्यंत टिकला. कॅलिफोर्नियात जून १९९८ मध्ये ६१ टक्के मतांनी द्विभाषिक वर्ग जवळजवळ बंद झाले. आणि त्याच कॅलिफोर्नियाने नोव्हेंबर २०१६ मध्ये ७३ टक्के मतांनी ती बंदी उठवली. अठरा वर्षांत एवढा फरक!

अभ्यासही या शाळांच्या बाजूने बोलू लागले. ओरेगॉनमधल्या पोर्टलंड शहरात अशा शाळांना इतकी मागणी होती की प्रवेश लॉटरीने द्यावे लागत. त्यामुळे नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं यांची सरळ तुलना करता आली. दोन भाषांत शिकलेली मुलं पाचवीपर्यंत इंग्रजी वाचनात सुमारे सात महिने पुढे होती, आठवीपर्यंत सुमारे नऊ महिने. गणित-विज्ञानात फरक नाही. फायदा नाही, तसा तोटाही नाही. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं.

पण दुसरी बाजू जरा कडू आहे. इंग्रजी बोलणाऱ्या सुखवस्तू घरांना या शाळा हव्याशा वाटू लागल्या. मुलाला दोन भाषा आल्या तर पुढे नोकरीत फायदा. ग्वादालुपे वाल्देस या अभ्यासक बाईंनी १९९७ मध्येच इशारा दिला होता की गोऱ्या मुलाने चार वाक्यं स्पॅनिश बोलली की टाळ्या पडतात, आणि मेक्सिकन मुलाने इंग्रजी शिकली तर ते त्याचं कर्तव्यच धरलं जातं. शिकागोत १९७५ मध्ये दोन शिक्षिकांनी सुरू केलेल्या अशाच एका शाळेत नंतर अभ्यास झाला. तिथे मुलं बाईंशी स्पॅनिश बोलायची आणि एकमेकांशी जास्त करून इंग्रजी. पोरांना कुठल्या भाषेचं वजन जास्त आहे ते वेळापत्रक न वाचताही कळतं.

आता आपल्याकडे. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी विषय आला. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा शासन निर्णय निघाला आणि २९ जूनला मागे घ्यावा लागला. या गदारोळात सेमीकडे कुणी बघतच नाही, आणि पालकांची सगळ्यात मोठी रांग तर तिथेच आहे. सेमीला आपण दोन भाषांची शाळा समजतो. पण गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी मराठीतून, ही कोरल वेच्या बरोबर उलटी वाटणी आहे. तिथे प्रत्येक विषय दोन्ही भाषांत फिरत होता. इथे मराठीतून विज्ञान एकदाही होत नाही.

ओळखीच्या एका आठवीतल्या मुलाला मी प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय विचारलं. तो म्हणाला, "काका, फोटोसिंथेसिस का?" म्हटलं, हो, तेच सांग. त्याने पुस्तकातलं इंग्रजी वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं. म्हटलं, आता तुझ्या आजीला समजेल असं सांग. गप्प बसला. पोरगा हुशार आहे, वर्गात पहिल्या पाचात असतो. त्याच्या शाळेत तो धडा मराठीतून दुसऱ्यांदा सांगणारं कुणी नव्हतं, एवढंच.

कोरल वे शाळा अजून चालू आहे. आता आठवीपर्यंत आहे, आणि आजही दोन्ही भाषांत शिकवते. आपल्या तालुक्यात पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा गणवेश, बस आणि फी याच्यानंतर एक प्रश्न विचारून बघा : विज्ञानाचा धडा पोराला इंग्रजीत कळला नाही, तर तो मराठीत कोण सांगणार, आणि त्यासाठी आठवड्यात किती तास ठेवलेत?