आटीचा गुंता

आटी म्हणजे सुताचे सैल वेटोळे. चात्यावर कातलेले सूत उतरवल्याशिवाय पुढचे कातता येत नाही, म्हणून ते फाळक्यावर गुंडाळतात. फाळक्यावरून काढले की झाली आटी. मागावरचा विणकर असो की सुयांवर स्वेटर विणणारी बाई, आटीतून सरळ धागा ओढता येत नाही. ओढला की गुंता ठरलेला. तरीही सूत आणि लोकर शतकानुशतके आट्यांतूनच विकली गेली. त्यात विणणाऱ्याची सोय कुणी पाहिली नव्हती.

सोय होती रंगाऱ्याची. गच्च गुंड्यात रंग आतवर मुरत नाही, सैल आटीत मुरतो. दुसरी सोय व्यापाऱ्याची. फाळक्याचा घेर ठरलेला असला की फेरे मोजून लांबी कळते. इंग्लंडमध्ये सुती आटीचा घेर दीड वार. 80 फेऱ्यांची एक ली, म्हणजे 120 वार, आणि 7 लींची आटी 840 वारांची. एका पौंडात जितक्या आट्या बसतात तो सुताचा नंबर. गिरण्यांबरोबर हे कोष्टक मुंबई-सोलापुरात आले आणि ‘वीस नंबरी’, ‘चाळीस नंबरी’ हे शब्द बाजारात रुळले. जिथे माप तिथे लबाडीही आली. कमी फेऱ्यांच्या आट्या खपवणे इतके बोकाळले, की वर्स्टेड लोकरीच्या धंद्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटने 1777 मध्ये कायदा करून तपासनीस आणि दंड अशी दोन्ही तजवीज केली.

खादीच्या चळवळीत याच लांबीला राजकीय मोल आले. 1924 च्या बेळगाव काँग्रेसने सभासदत्वासाठी महिन्याला 2000 वार सुताची अट घातली. पुढे 4 फुटांचा एक तार, 160 तारांची लटी आणि 4 लट्यांची गुंडी, असे चरख्याचे देशी कोष्टक बसले. गांधीजींच्या पश्चात विनोबांनी सूतांजलीची प्रथा घातली, तीही 640 तारांच्या गुंडीची.

लटी वेगळी बांधण्यात मोजणीची सोय आहेच, पण मोठा फायदा दुसराच. बांधाचा दोरा तारांच्या पुंजक्यांमधून आठाच्या आकड्यासारखा फिरवतात, त्यामुळे एक लटी विसकटली तरी शेजारच्या शाबूत राहतात. उतावळा माणूस नेमका हाच बांध आधी कापतो आणि मग तासभर टोक शोधत बसतो. जाणती बाई आटी आधी झटकते, ताणून असारीवर चढवते आणि त्यानंतरच बांध सोडते. येवल्याच्या पैठणीचे बारीक रेशीम असेच उलगडते. धागा अडला तर हिसका द्यायचा नाही, अडलेले वेटोळे बोटांनी सैल करायचे. तुटलाच तर बारीक गाठ. मग रहाटावर कांडी भरायची आणि ती धोट्यात बसवायची. विणकरांच्या घरात हे काम बायका, म्हातारी माणसे आणि पोरे करत आली. साडीचे नाव मात्र विणणाऱ्याचे.

यंत्रमागाला आटी नको, शंकूच्या आकाराच्या नळीवर गुंडाळलेला सुताचा कोन हवा. कोनावरचे सूत हातमागवाल्याच्या कामाचे नाही, कारण त्याला रंगवायचे आणि खळ द्यायची असते ती आटीतच. गिरण्या कोनच काढू लागल्या तर हातमाग उपाशी राहील, म्हणून 1974 पासून सरकारने सूतगिरण्यांवर ठरावीक हिस्सा आटीत देण्याचे बंधन घातले. 2003 मध्ये हा हिस्सा 50 टक्क्यांवरून 40 वर आला, 2019 मध्ये 30 वर. आटीचे सूत हातमागाच्या नावाने घेऊन कोनावर चढवायचे आणि यंत्रमागाला विकायचे, हा उद्योगही या काळात चालला.

2019-20 च्या चौथ्या हातमाग गणनेत देशात सुमारे 26 लाख 74 हजार विणकर नोंदले गेले. आट्या उलगडणारे आणि कांड्या भरणारे हात त्यांत धरलेले नाहीत. ते ‘संलग्न कामगार’ या वेगळ्या रकान्यात येतात, आणि तो आकडा सुमारे 8 लाख 49 हजार आहे.