आरमार, गोदी आणि ताट: योकोसुका बंदराचा इतिहास

टोकियो उपसागराच्या मुखाशी, मिउरा द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर वसलेले योकोसुका हे शहर टोकियोतून सुमारे तासाभराच्या रेल्वेप्रवासाने गाठता येते, आणि तेथे एका दिवसापुरता येणारा प्रवासी बहुधा दोन गोष्टींसाठी येतो: बंदरात नांगरलेली लढाऊ जहाजे पाहणे आणि ‘नौदलाची करी’ खाणे. वरवर पाहता या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध एवढाच वाटतो, की पाहून झाल्यावर भूक लागते. प्रत्यक्षात मात्र गोदीतले जहाज आणि ताटातला भात या एकाच इतिहासाच्या दोन बाजू आहेत. परक्याकडून विद्या घ्यायची, ती आपल्या गरजेच्या मापाने बेतायची आणि मग ती आपलीच म्हणून जपायची, ही आधुनिक जपानची रीत योकोसुकात पोलादात जितकी दिसते तितकीच अन्नात दिसते. किंबहुना अन्नात ती अधिक स्पष्ट दिसते, कारण त्या ताटामागे शेकडो खलाशांच्या मृत्यूची जाणीव आहे.

या इतिहासाची सुरुवात जुलै १८५३ मध्ये झाली. अमेरिकन आरमाराचे अधिकारी मॅथ्यू पेरी चार जहाजे घेऊन उरागा या गावासमोर आले आणि काही दिवसांनी जवळच्या कुरिहामा किनाऱ्यावर उतरून त्यांनी आपल्या राष्ट्राध्यक्षांचे पत्र जपानी प्रतिनिधींच्या हाती दिले. उरागा आणि कुरिहामा ही दोन्ही ठिकाणे आज योकोसुका शहराच्या हद्दीत आहेत. धूर ओकणाऱ्या आगबोटींसह आलेल्या त्या जहाजांना जपानी लोकांनी ‘कुरोफुने’, म्हणजे ‘काळी जहाजे’, असे नाव दिले. दोन शतकांहून अधिक काळ परकीय व्यापारावर कडक निर्बंध ठेवणाऱ्या तोकुगावा शोगुनांच्या, म्हणजे सम्राटाच्या नावाने वंशपरंपरेने राज्य चालवणाऱ्या सेनापतींच्या, राजवटीला त्यांच्यामुळे कळून चुकले, की वाऱ्यावर अवलंबून नसलेले जहाज बांधता आल्याखेरीज आपला किनारा आपला राहणार नाही.

शोगुनांच्या दरबारातील ओगुरी तादामासा या अधिकाऱ्याने फ्रान्सच्या मदतीने जहाजबांधणीचा कारखाना उभारण्याचा आग्रह धरला, आणि त्या कामासाठी फ्रांस्वा लेओन्स व्हेर्नी हा तरुण फ्रेंच नौकाभियंता नेमला गेला. डोंगरांनी वेढलेली, खोल पाण्याची आणि वाऱ्यापासून सुरक्षित अशी योकोसुकाची खाडी फ्रान्सच्या तूलाँ बंदरासारखी आहे, या कारणाने जागा निवडली गेली, आणि १८६५ मध्ये ‘योकोसुका लोहशाळे’चे काम सुरू झाले. लोहशाळा म्हणजे केवळ भट्टी नव्हे. ओतकाम, घडाईकाम, बाष्पयंत्रांची जुळणी, दोरखंड वळणे आणि जहाजदुरुस्ती हे सर्व एका आवारात करणारा तो कारखाना होता. त्याच्याबरोबर मेट्रिक मापे, हिशेब ठेवण्याची पाश्चात्त्य पद्धत, रविवारची सुट्टी आणि कारागिरांना शिकवणारी शाळा या गोष्टीही जपानच्या मातीत रुजल्या. नेदरलँड्समधून आणलेले वाफेचे घण आज किनाऱ्यावरील व्हेर्नी स्मारक संग्रहालयात ठेवलेले आहेत, आणि संग्रहालयालगतचे उद्यान व्हेर्नीच्याच नावाने ओळखले जाते.

या कारखान्याचे हृदय म्हणजे कोरडी गोदी. समुद्राशी जोडलेला, दगडाने बांधून काढलेला हा खोल हौद असतो. जहाज आत आले की दार बंद करून पाणी उपसतात, आणि जहाज टेकूंवर कोरडे उभे राहिले की एरवी पाण्याखाली असलेल्या त्याच्या तळाची दुरुस्ती करता येते. योकोसुकाची पहिली कोरडी गोदी १८७१ मध्ये पूर्ण झाली आणि ती आजही वापरात आहे. मुंबईच्या नौदल गोदीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या डंकन गोदीची ज्याला ओळख आहे, त्या मराठी वाचकाला हे सातत्य परिचयाचे वाटेल. राज्यकर्ते बदलतात, झेंडे बदलतात, पण नीट बसवलेला दगड नव्या धन्याचेही काम करत राहतो. स्वतः ओगुरी हे सातत्य पाहू शकला नाही. १८६८ च्या सत्तांतरात शोगुनशाही कोसळली आणि नव्या सरकारच्या सैन्याने त्याचा शिरच्छेद केला. कारखाना मात्र त्याच सरकारने पुढे नेला.

१८८४ मध्ये आरमाराचे प्रादेशिक मुख्यालय, ज्याला जपानीत ‘चिंजुफू’ म्हणतात, योकोहामाहून योकोसुकाला हलवण्यात आले, १८८९ मध्ये ओफुनाहून येणारा लोहमार्ग येथपर्यंत पोहोचला, आणि १९०७ मध्ये या वस्तीला शहराचा दर्जा मिळाला. १९०६ मध्ये ‘सात्सुमा’ ही जपानमध्येच बांधलेली पहिली ‘बॅटलशिप’, म्हणजे जाड चिलखताची आणि अवजड तोफांची युद्धनौका, येथूनच पाण्यात उतरली. कोळ्यांच्या एका लहान गावाचे नौदलनगर होण्यास चाळीस वर्षेच लागली.

परंतु याच वर्षांत जपानी आरमार एका अशा शत्रूशी झुंजत होते, ज्यावर तोफ चालत नव्हती. ‘काक्के’, म्हणजे बेरीबेरी, या रोगात प्रथम पाय बधिर होतात, सूज येते आणि अखेरीस हृदय बंद पडते. जुन्या टोकियोत, म्हणजे एदो नगरात, तो श्रीमंतांचा आणि शहरी लोकांचा रोग समजला जाई, कारण सडून पांढराशुभ्र केलेला तांदूळ तेथेच पोटभर मिळे. गरीब घरांतून आरमारात भरती झालेल्या तरुणांना असा भात म्हणजे चैन वाटे. कालवणासाठी दिलेले पैसे वाचवून ते घरी पाठवत आणि बहुतेक भातावरच पोट भरत. ज्या अन्नाला ते भाग्य मानत होते तेच त्यांचा घात करत होते. १८८२ च्या अखेरीस न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका आणि हवाईच्या सफरीवर निघालेल्या ‘र्‍युजो’ या प्रशिक्षण जहाजावरील ३७६ जणांपैकी १६९ जणांना काक्के झाला आणि २५ जण दगावले.

आरमाराचे वैद्यकीय अधिकारी ताकाकी कानेहिरो यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शिक्षण घेतले होते, आणि ब्रिटिश खलाशांत हा रोग जवळजवळ दिसत नाही याची त्यांनी नोंद घेतली होती. रोगाचे मूळ आहारात आहे हा तर्क पारखण्यासाठी त्यांनी १८८४ मध्ये ‘त्सुकुबा’ हे दुसरे जहाज जवळजवळ त्याच मार्गाने, पण मांस, पाव, दूध आणि भाज्या अधिक असलेला शिधा देऊन पाठवण्याची परवानगी मिळवली. ३३३ जणांच्या त्या जहाजावर मोजक्या काहींनाच रोग झाला, एकही मृत्यू झाला नाही, आणि जे आजारी पडले त्यांतील बरेचसे नवा शिधा न खाणारे होते. खलाशांना पाव रुचत नाही हे पाहून १८८५ पासून तांदळात जव मिसळण्याची पद्धत सुरू झाली, आणि काही वर्षांतच आरमारातून काक्के जवळजवळ नाहीसा झाला.

ताकाकींचा उपाय बरोबर होता, कारणमीमांसा मात्र चुकीची होती. अन्नात नायट्रोजनयुक्त द्रव्य, म्हणजे प्रथिने, कमी पडतात म्हणून रोग होतो असे ते मानत; प्रत्यक्षात तांदूळ सडताना कोंड्याबरोबर थायमिन हे जीवनसत्त्व निघून जाते, हे विज्ञानाला विसाव्या शतकात उमगले. कोकणातील ज्या घरांत हातसडीचा तांदूळ शिजत असे, तेथे हे संरक्षण कोणी न सांगता लाभत होते. भूदलातील डॉक्टरांनी मात्र ताकाकींच्या मांडणीतील शास्त्रीय उणिवेवर बोट ठेवले, रोग जंतूंमुळे होतो हा आग्रह सोडला नाही आणि सैनिकांना पांढरा भातच चालू ठेवला. त्याची किंमत १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात मोजावी लागली: भूदलाचे सुमारे २७,००० सैनिक बेरीबेरीने मेले. सिद्धांत अपुरा आहे म्हणून डोळ्यांसमोरचा पुरावा नाकारण्याची इतकी महाग उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात थोडीच आहेत.

या पार्श्वभूमीवर करीचे महत्त्व कळते. भात न सोडता त्याच्याबरोबर मांस, भाज्या आणि गव्हाचे पीठ पोटात जाईल, शेकडो माणसांसाठी एकाच कढईत शिजेल आणि चवीने खाल्ला जाईल, असा पदार्थ आरमाराला हवा होता, आणि ब्रिटिशांच्या स्वयंपाकात तो तयार होता. भारतातील नाना प्रकारचे रस्से, आमट्या आणि कालवणे यांना ब्रिटिशांनी ‘करी’ हे एकच नाव दिले, त्यांचे मसाले एका तयार भुकटीत कोंबले आणि चरबीत परतलेले पीठ लावून रस दाट केला. जपानने घेतली ती ही इंग्रजी करी. मायझुरू येथील आरमारी तुकडीने १९०८ मध्ये काढलेल्या स्वयंपाकाच्या मार्गदर्शक पुस्तकात ‘करी-भाता’ची कृती आहे: गाईचे किंवा कोंबडीचे मांस, गाजर, कांदा, बटाटा, करीची भुकटी आणि चरबीत भाजलेले गव्हाचे पीठ. वाढताना सोबत ‘चात्सुने’ द्यावे, असेही त्यात सांगितले आहे. भारतीय घरातील चटणी इंग्रजीची वाट चालून जपानी आरमाराच्या भटारखान्यापर्यंत कशी पोहोचली, याचा तो एकच शब्द पुरेसा दाखला आहे. नोकरी संपवून गावी परतलेल्या खलाशांबरोबर हा पदार्थही गावोगाव गेला, असे योकोसुकात मानले जाते.

आरमाराच्या वैभवाची खूण म्हणून शहराने जपलेली ‘मिकासा’ ही युद्धनौका ब्रिटनमधील बॅरो येथे व्हिकर्स कंपनीने बांधली होती, आणि त्याच रशिया-जपान युद्धात, मे १९०५ मध्ये रशियन आरमाराचा पाडाव झाला त्या त्सुशिमाच्या लढाईत, ती जपानी ॲडमिरल तोगो यांचे प्रमुख जहाज होती. पुढे १९१२ मध्ये तोगोंनी ओगुरीच्या वंशजांना बोलावून, योकोसुकाच्या लोहशाळेविना हा विजय शक्य नव्हता, असे म्हणून त्यांचे आभार मानले. शिरच्छेद झालेल्या माणसाला मिळालेला तो उशिराचा न्याय होता. १९२६ मध्ये ‘मिकासा’ स्मारक म्हणून जतन झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्या तोफा आणि डोलकाठ्या उतरवल्या गेल्या, तिच्यावर नृत्यगृह आणि मत्स्यालय थाटले गेले, आणि जपानी, ब्रिटिश व अमेरिकन हितचिंतकांच्या खटपटीने १९६१ मध्ये ती पुन्हा पूर्वरूपात उभी राहिली. त्या खटपटीत अमेरिकन ॲडमिरल निमिट्झ यांचा वाटा होता. जपानी आरमाराचा पाडाव करणाऱ्या सेनानीने त्या आरमाराचे जहाज वाचवण्यास हातभार लावला.

३० ऑगस्ट १९४५ रोजी अमेरिकन सैन्य योकोसुकात उतरले आणि व्हेर्नीच्या गोद्या अमेरिकन आरमाराच्या ताब्यात गेल्या. तळाच्या दारासमोरील ‘दोबुइता’ नावाच्या गल्लीत, जिचे नाव गटारावर टाकलेल्या पत्र्यांवरून पडले, अमेरिकन खलाशांसाठी गरुड, वाघ आणि ड्रॅगन यांचे भरतकाम केलेली चकचकीत जाकिटे विकली जाऊ लागली, आणि ‘सुकाजान’ हे त्या जाकिटांचे नाव आता जगभर पोहोचले आहे. अमेरिकन तळाने मैत्रीखातर दिलेल्या कृतीवरून शहरातील दुकाने २००९ पासून ‘नेव्ही बर्गर’ विकतात. अणुशक्तीवर चालणारे विमानवाहू जहाज येथे कायम ठेवण्याला शहरातील अनेकांनी विरोध केला, हेही या शेजाराचे सत्य आहे. आज ४५ मिनिटांच्या बंदरफेरीत प्रवाशाला अमेरिकन विनाशिका आणि जपानच्या सागरी स्वसंरक्षण दलाच्या पाणबुड्या एकाच पाण्यात उभ्या दिसतात.

याच सागरी स्वसंरक्षण दलाने, म्हणजे युद्धोत्तर जपानच्या नौदलाने, दर शुक्रवारी करी खाण्याचा प्रघात पाळला आहे. दीर्घ सफरीत वार विसरू नये म्हणून तो पडला, असे सांगितले जाते, आणि प्रत्येक जहाजाची पाककृती निराळी असते. १९९९ मध्ये योकोसुकाने स्वतःला ‘करीचे शहर’ म्हणून घोषित केले आणि ‘योकोसुका नौदल करी’ या नावासाठी नियम ठरवले: करी १९०८ च्या पुस्तकातील कृतीवर आधारलेली असावी, आणि तिच्यासोबत कच्च्या भाज्यांची कोशिंबीर व एक पेला दूध असावे. प्रवाशाला दुधाचा तो पेला विचित्र वाटतो, कारण करीच्या चवीशी त्याचा मेळ नाही. त्याचा मेळ आहे तो समतोल आहाराच्या त्या आग्रहाशी, जो आरमाराने ‘र्‍युजो’वरील मृत्यूंनंतर धरला. योकोसुकाने विजयी जहाजाचे स्मारक किनाऱ्यावर उभे केले आहे. केवळ भात खाऊन मेलेल्या खलाशांचे स्मारक मात्र त्या ताटात आहे, आणि ते रोज नव्याने वाढले जाते.