४ ऑगस्ट १९६४ : शंकेला वेळ मिळाला नाही

(वेळा वॉशिंग्टनच्या.)

दोन दिवसांपूर्वीचा हल्ला खरा होता. २ ऑगस्टला टॉन्किनच्या आखातात उत्तर व्हिएतनामच्या तीन टॉर्पेडो बोटी अमेरिकेच्या ‘मॅडॉक्स’ विनाशिकेवर चालून आल्या. नौकेला एक गोळी लागली, तिच्यावरचा एकही माणूस दगावला नाही. त्याआधी दक्षिण व्हिएतनामच्या कमांडोंनी अमेरिकेच्याच गुप्त योजनेनुसार उत्तरेच्या बेटांवर मारा केला होता. अमेरिकी जनतेला त्याचा पत्ता नव्हता.

४ ऑगस्ट, सकाळी ९ च्या सुमारास : संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नामारा यांचा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना फोन. पुन्हा हल्ला होईल असं दिसतंय.

सकाळी ११ : ‘मॅडॉक्स’ आणि तिच्या सोबतची विनाशिका ‘टर्नर जॉय’ यांच्यावर टॉर्पेडो सुटत असल्याचं कळतं. तिकडे आखातात काळोखी, वादळी रात्र.

दुपारी १.२७ : या नौकांच्या पथकाचे प्रमुख कॅप्टन जॉन हेरिक यांचा संदेश येतो. टॉर्पेडोंच्या बऱ्याच नोंदी शंकास्पद वाटतात, विचित्र हवामानानं रडार फसलं असेल, सोनारवाल्यांनी उतावीळपणा केला असेल, ‘मॅडॉक्स’वरून डोळ्यांनी कुणी काही पाहिलेलं नाही, पुढचं पाऊल उचलण्याआधी पूर्ण छाननी व्हावी. नौकांवर घिरट्या घालणारे वैमानिक जेम्स स्टॉकडेल यांनाही एकही बोट दिसली नव्हती.

इथे थांबता आलं असतं. नौका शाबूत होत्या, कुणाला खरचटलंही नव्हतं. एक दिवस वाट पाहिल्यानं अमेरिकेची सुरक्षितता कणभर कमी झाली नसती. पण नोव्हेंबरात निवडणूक होती आणि समोर आक्रमक भूमिकेचे रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर होते.

दुपारी ४ नंतर : हल्ला झालाच नसेल असं तर नाही ना, असं मॅक्नामारा पॅसिफिक विभागाचे सेनाप्रमुख ॲडमिरल शार्प यांना फोनवर विचारतात. थोडी शक्यता आहे, असं उत्तर मिळतं.

४.४९ : उत्तर व्हिएतनामवर हवाई हल्ल्याचा आदेश सुटतो.

६.४५ : काँग्रेसच्या नेत्यांना बोलावून निर्णय कळवला जातो. सल्ला घेण्यासारखं काही उरलेलं नसतं.

रात्री ११.३६ : जॉन्सन दूरचित्रवाणीवर हल्ला जाहीर करतात. पहिला बॉम्ब अजून पडायचा आहे.

५ ऑगस्ट : ६४ उड्डाणं. दोन विमानं पडतात. एक वैमानिक ठार, दुसरा, एव्हरेट अल्वारेझ, कैद. त्याची सुटका १९७३ मध्ये.

६ ऑगस्ट : त्या कमांडो कारवायांशी आपल्या नौदलाचा संबंध नाही, असं मॅक्नामारा सिनेटच्या समित्यांना सांगतात. ते खोटं होतं. मतदाराच्या प्रतिनिधीला प्रश्न विचारायचं स्वातंत्र्य होतं, पण खरं उत्तर मिळालं नाही. मला या साऱ्या घटनाक्रमातला सर्वांत मोठा घात हाच वाटतो. ज्यांची मुलं सक्तीच्या भरतीनं रणात जाणार होती, त्यांच्या वतीनं विचारणारा माणूसच अंधारात ठेवला गेला.

७ ऑगस्ट : टॉन्किन आखाताचा ठराव प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी मंजूर. राष्ट्राध्यक्षांना ‘आवश्यक ती सर्व पावलं’ उचलायची मुभा मिळाली. मसुद्याचं काम उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच झालं होतं. विरोध केला तो सिनेटर वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुएनिंग यांनी. युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसनं असा देऊन टाकू नये, असं मोर्स बजावत राहिले.

व्हिएतनामच्या त्या युद्धात ५८ हजारांहून अधिक अमेरिकी आणि लाखो व्हिएतनामी मेले. मोर्स आणि ग्रुएनिंग १९६८ मध्ये निवडणूक हरले. ठराव १९७१ च्या जानेवारीत रद्द झाला. ४ ऑगस्टच्या रात्री हल्ला झालाच नव्हता, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्याच इतिहासकारानं लिहून ठेवलं होतं. ते लेखन २००५ मध्ये लोकांसमोर आलं.