अडथळा ठरलेली पिवळी छटा
कुजणाऱ्या वनस्पतींतून पाण्यात विरघळणाऱ्या सेंद्रिय पदार्थाला जर्मन शास्त्रज्ञ कुर्ट काले यांनी १९३०च्या दशकात ‘पिवळे द्रव्य’ म्हटले. १९७८मध्ये ‘निंबस-७’ उपग्रह सागराचे रंग टिपू लागला, तेव्हा हेच द्रव्य अडथळा ठरले; शैवालांतील हरितद्रव्याप्रमाणे तेही निळा प्रकाश शोषते. पुढे ४१२ नॅनोमीटरच्या जांभळ्या पट्ट्यामुळे दोहोंतील भेद ओळखता येऊ लागला. भारताच्या १९९९च्या ‘ओशनसॅट-१’वरही तो पट्टा होता.

आज लेना, ओब, येनिसेई यांच्या मुखांशी दिसणारी ती छटा सैबेरियाच्या भूमीतून आर्क्टिकमध्ये वाहून जाणाऱ्या कार्बनची खूण मानली जाते. हजारो वर्षे गोठलेली जमीन वितळत असताना ही नोंद मोलाची आहे. मात्र ध्रुवीय रात्र, ढग आणि हिम उपग्रहाची दृष्टी रोखतात. म्हणून प्रत्यक्ष पाण्याच्या नमुन्यांना पर्याय नाही.