कुलपाचा दोष सांगावा की झाकावा?

1851 साली लंडनमध्ये मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले होते. त्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपकाराने चब कंपनीचे नामांकित कुलूप सुमारे 25 मिनिटांत उघडून दाखविले. पुढे ब्रामा यांचे कुलूपही त्याने उघडले. त्यास 16 दिवसांत मिळून 51 तास लागले. त्यावर ओरड झाली की, असले दोष चव्हाट्यावर मांडले तर चोरांचे फावेल. हॉब्जच्या पक्षाचे उत्तर असे की, चोराला आपला धंदा आधीच ठाऊक असतो; अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा गृहस्थ.

हाच वाद आज संगणकाच्या सॉफ्टवेअरविषयी चालू आहे. येथे एक फरक मात्र आहे. हॉब्जचे कुलूप उघडण्यास हॉब्जचे कसब लागे. सॉफ्टवेअरच्या दोषावर हल्ला करणारी आज्ञावली प्रसिद्ध झाली की तयार किल्लीच हजारोंच्या हाती पडते.

2017 सालची हकिकत पाहा. विंडोजमधील एका दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने 14 मार्च रोजी दिली. 14 एप्रिलला ‘शॅडो ब्रोकर्स’ या टोळीने त्या दोषाची किल्ली उघड केली; ती अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडून चोरलेली होती. 12 मे रोजी ती वापरून ‘वॉनाक्राय’चा हल्ला झाला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील 236 रुग्णालय-न्यासांपैकी सुमारे 80 न्यासांचे काम विस्कळीत झाले व हजारो रुग्णांच्या तपासण्या रद्द झाल्या. दुरुस्ती बसवा, असा इशारा मार्च व एप्रिल या दोन्ही महिन्यांत देण्यात आला होता. 27 जूनच्या दुसऱ्या हल्ल्यात इतर साधनांबरोबर तीच किल्ली होती; त्यात आपल्या न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे कामही खोळंबले.

मग दुरुस्ती लांबते का? कारखान्यातल्या माणसास हे कोडे वाटणार नाही. फिरत्या पट्ट्यावर जाळी बसवायची तर यंत्र थांबवावे लागते. तो वाया गेलेला तास हिशेबाच्या वहीत दिसतो. टळलेला अपघात दिसत नाही. संगणकाचेही तसेच. शिवाय दुरुस्तीनंतर जुनी उपकरणे चालतील की नाही, ही शंकाही अगदीच खोटी नसते.

किल्ली प्रसिद्ध झाली की हा हिशेब पालटतो. कालपर्यंतच्या विलंबाला सावधगिरी म्हणता आले असते. त्या दिवसापासून तो दुसऱ्याच्या जिवावरचा जुगार होय. त्याचा फटका खाटेवरच्या रुग्णाला आणि धक्क्यावर खोळंबलेल्या ट्रकचालकाला बसतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. दोष शोधणाऱ्याने तो प्रथम बनविणाऱ्यास कळवावा, दुरुस्तीस ठरावीक मुदत द्यावी व नंतर लोकांपुढे मांडावा. मुदत नसेल तर बनविणारा हलत नाही. आणि ज्यांच्या यंत्रांवर आपला रोजगार व औषधपाणी अवलंबून आहे, त्यांना दोन तारखा विचारण्याचा हक्क आपणांस असला पाहिजे: दुरुस्ती हाती कधी आली, आणि बसविली कधी?