घसरलेले फोटो

घसरण्याचा माझा अनुभव जुना आणि दांडगा आहे. शाळेत गणितात घसरलो, पावसाळ्यात मंडईसमोर घसरलो आणि एकदा तर स्वतःच्याच लग्नात, सप्तपदीच्या चौथ्या पावलाला घसरलो. पण घसरण्याच्या स्पर्धा भरवतात, त्यांना परीक्षक नेमतात आणि त्यांच्यावर चकचकीत मासिकं काढतात, हे मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर इतकी वर्षं फुकट घसरलो नसतो.

हे ज्ञान मला पुतण्यानं दिलं. मासिकांची मांडणी करणं आणि फोटो काढणं हा त्याचा धंदा. टोकियोला गेला आणि येताना बॅग भरून रद्दी घेऊन आला. तिथल्या कांदा भागात जिंबोचो नावाचा जुन्या पुस्तकांचा बाजार आहे, तिथली ही खरेदी. 'कांदा' एवढंच ऐकून आमची ही पिशवी घेऊन पुढे झाली होती. पिशवीत पडली मासिकं.

सगळ्या मासिकांवर मोटारी, आणि सगळ्या वाकड्या! गाडीचं तोंड एकीकडे, पुढची चाकं दुसरीकडे, मागे धुराचा लोट. एखाद्या गृहस्थाला ऑफिसला जायचंय आणि पायांना चौपाटीला, तसं काहीतरी.

"अरे, ही गाडी निघालीय तरी कुठे?"

"काका, हेच ड्रिफ्टिंग. वळणावर मागची चाकं मुद्दाम घसरवायची, पुढची उलट दिशेला धरायची आणि गाडी आडवी ठेवून वळण पार करायचं. पहिला कोण आला ते बघतच नाहीत. वेग, कोन आणि रेषा, याला गुण!"

मग त्यानं इतिहास सांगितला. कुनिमित्सु ताकाहाशी नावाचे एक गृहस्थ. १९६१ साली मोटारसायकलची ग्रां प्री शर्यत जिंकणारे पहिले जपानी. पुढे ते मोटारींकडे वळले आणि सत्तरच्या दशकात वळणावळणावर गाडी घसरवत नेऊ लागले. ते पाहून भारावला केइची त्सुचिया. हा रात्री-अपरात्री डोंगरातल्या रस्त्यांवर सराव करायचा. त्या रस्त्यांना जपानीत 'तोगे' म्हणतात. तोगे म्हणजे आपला घाट! १९८७ साली त्याच्या या घाटातल्या कसरतींची चित्रफीत निघाली, तेव्हा शर्यतवाल्यांनी त्याचा परवानाच काही काळ काढून घेतला. लोकांनी त्याला 'ड्रिफ्ट किंग' म्हटलं. परवाना गेला की राजेपण मिळतं, ही रीत जपानातही आहे तर!

गंमत अशी, की या खेळाला नाव मिळवून देण्यात मासिकवाले पुढे होते. दाइजिरो इनादा यांनी १९८१ मध्ये 'ऑप्शन' काढलं आणि पुढे याच संपादकमहाशयांनी त्सुचियाला हाताशी धरून घसरगुंडीच्या स्पर्धा उभ्या केल्या. २००१ पासून 'डी-वन ग्रां प्री' ही मालिकाच सुरू झाली. आमच्याकडे संपादक फक्त वर्गणीदारांच्या स्पर्धा घेतात. निव्वळ या खेळाला वाहिलेलं 'ड्रिफ्ट तेंगोकू'ही निघालं. तेंगोकू म्हणजे स्वर्ग.

"पण काका, खरी मेहनत फोटोची," पुतण्या म्हणाला. "शटर फार वेगात मारलं तर चाकं थिजतात. गाडी रस्त्यात बंद पडल्यासारखी दिसते. म्हणून शटर जरा सावकाश ठेवायचं आणि गाडीबरोबर कॅमेरा फिरवायचा. गाडी स्पष्ट येते, मागचं जग फरफटत जातं."

आणि मांडणीत आणखी तऱ्हा. फोटो दोन पानांवर पसरला की ड्रायव्हर नेमका घडीत सापडतो आणि त्याच्या नाकातून पिन जाते. पानाला शोभावी म्हणून निगेटिव्ह उलटी लावली, तर उजवीकडचं स्टिअरिंग डावीकडे जातं, दारावरची अक्षरं उलटी होतात आणि वाचकांची पत्रं मात्र सुलट येतात.

शेवटी त्यानं एक जुना फोटो दाखवला. झाक-आंरी लार्तिग या अठरा-एकोणीस वर्षांच्या फ्रेंच पोरानं काढलेला. १९१२ च्या फ्रेंच ग्रां प्रीचा म्हणून तो गाजला. अभ्यासक आता १९१३ म्हणतात. मोटारीचा पुढचा भाग चौकटीबाहेर. चाक पुढे झुकून लंबगोल झालेलं, आणि कडेचे प्रेक्षक वारा लागल्यासारखे मागे कललेले. त्या कॅमेऱ्यात एक फट काचेच्या प्लेटीवरून सरकत जायची. ती सरकेपर्यंत गाडी पुढे गेली, म्हणून चाक तिरकं. पोरानं गाडीमागे कॅमेरा फिरवला, म्हणून माणसं तिरकी. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं त्याचे फोटो मांडले, तेव्हा जगाला लार्तिग कळला. तोवर तो ६९ वर्षांचा झाला होता.

मी फोटोकडे बघत राहिलो. असा फोटो मीही काढला होता!

सत्तरच्या दशकातली मुंबई-पुणे सायकल शर्यत. धाकटा भाऊ वसंता उतरला होता. वडिलांचा या खुळाला विरोध. "फोटो छापून आला तर मानीन," एवढंच ते म्हणाले होते. मी आग्फा क्लिक-थ्री घेऊन लोणावळ्याच्या पुढे, उतारावर उभा. शटरचा वेग एकच, रोलमध्ये फोटो बारा. अकरा मी डोंगराचे काढले. बाराव्याला वसंता आला आणि गेला.

साप्ताहिकाच्या संपादकांनी फोटो भिंगाखाली धरला. "रस्ता छान आलाय. मागे हे भूत कुणाचं?"

फोटो छापला नाही. वसंतानं पुढच्या वर्षी सायकल विकली आणि बँकेत चिकटला. मला तो काही बोलला नाही. माझ्यावर रागावला असता तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी पुतण्याला म्हटलं, "तुझ्या बापाचा फोटो मी बिघडवला रे. कॅमेरा फिरवायचा असतो, हे मला आज कळलं."

पुतण्यानं हाक मारली, "बाबा!" वसंता गुडघे सांभाळत आला. ऐकून घेतलं, आत गेला आणि विम्याच्या पॉलिसींची फाइल घेऊन आला. शेवटच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात तो फोटो. रस्ता लख्ख, आणि त्यावर एक करडा फराटा.

"टाकला नाहीस?"

"टाकू कशाला? अण्णांनी मागून घेतला होता. वर्षभर त्यांच्या खिशात होता. म्हणायचे, यात तू दिसत नाहीस, पण पोरगा जोरात होता एवढं दिसतं."

हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पुतण्या तो फोटो न्याहाळत म्हणाला, "काका, पानभर लागेल हा. फक्त घडीत नको यायला."

फोटो परत घेताना वसंतानं मला बजावलं, "बोट लावू नकोस. तुझा हात हलतो."